सत्य, प्रेम आणि आज्ञापालन: पुण्यात ख्रिस्ती जीवन नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

नगर, जालना, सोलापूर किंवा विदर्भातून नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात आलेले आणि गावाकडची मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा चर्चचा समुदाय, मागे राहिलेले तरुण, तसेच ख्रिस्तावर नव्याने विश्वास ठेवू लागलेले आणि घरात या वाटेवर एकटेच असलेले लोक, अशा दोघांनाही पहिल्या वर्षी एकच अडचण येते. सत्यात चाला, प्रीती करा, आज्ञा पाळा, हे दर रविवारी उपदेशात ऐकू येते. सोमवारी सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये उभे असताना त्याचे नेमके काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. मीही बाहेरगावाहून येऊन येथील मंडळीत रुजलो आणि आता नव्याने येणाऱ्यांबरोबर बसत असतो. त्यामुळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरे एका ठिकाणी लिहून ठेवावीत असे वाटले.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. या तीन गोष्टी वेगवेगळ्या साधायच्या नसतात. सत्य प्रेमाने तपासायचे, प्रेम सत्याने तपासायचे, आणि दोन्ही खरी आहेत की नाहीत हे आज्ञापालनाने, म्हणजे हातून काय घडले त्यावरून, ठरवायचे. प्रत्येकाला या तिघांतले एखादे स्वभावतः सोपे जाते आणि त्याच्याच आड तो उरलेली दोन लपवतो. स्पष्टवक्त्याला सत्य सोपे असते, भिडस्ताला प्रेम सोपे असते, शिस्तीच्या घरात वाढलेल्याला आज्ञा पाळणे सोपे असते. आपले सोपे कोणते आहे ते ओळखा आणि सुरुवात उरलेल्या दोहोंपासून करा.

सोबत काय असावे

- मराठी पवित्र शास्त्राची छापील प्रत. प्रोटेस्टंट प्रतीत 66 पुस्तके असतात आणि कॅथोलिक प्रतीत 73, तेव्हा विकत घेताना आपली मंडळी कोणती प्रत वापरते ते विचारा. मोबाइलवर वाचले तरी चालते, पण कडेला पेन्सिलने केलेली खूण पुढे फार उपयोगी पडते.
- 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक, जर आपल्या मंडळीत त्यातून गीते म्हटली जात असतील तर.
- एक साधी वही.
- बाप्तिस्म्याचा दाखला आणि दृढीकरण (विश्वास स्वतः जाहीर करण्याचा विधी) झाले असल्यास त्याचा दाखला, मूळ व झेरॉक्स प्रत.
- आधीच्या मंडळीचे सभासदत्वाचे पत्र, पाळकांची (मंडळीच्या धर्मगुरूंची) सही आणि मंडळीचा शिक्का असलेले.

नव्याने विश्वास ठेवणाऱ्याकडे शेवटचे दोन कागद नसतात. ते नसल्याने उपासनेला बसण्यात काहीही अडत नाही.

1. योहानाचे दुसरे पत्र वाचून सुरुवात करा

नवख्या माणसाला बहुतेक जण उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून वाचायला सांगतात आणि तो लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोहोचता पोहोचता थकतो. त्याऐवजी योहानाचे दुसरे पत्र घ्या. त्यात एकच अध्याय आणि 13 ओव्या (वचने) आहेत; चहा निवेपर्यंत वाचून होते. एका 'निवडलेल्या बाईला' आणि तिच्या मुलांना लिहिलेल्या या पत्रात आपल्या विषयाच्या तिन्ही बाजू एकत्र आल्या आहेत. चौथ्या ओवीत मुले सत्यात चालताना दिसली म्हणून आनंद आहे, पाचवीत एकमेकांवर प्रीती करण्याची विनंती आहे, आणि सहावीत प्रीती म्हणजे देवाच्या आज्ञांप्रमाणे चालणे असे सरळ सांगितले आहे. पुढे सातव्या ओवीपासून फसवणाऱ्यांविषयी इशारा आहे.

हे पत्र आठवडाभर रोज एकदा वाचा. त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानातील 13 ते 15 हे अध्याय घ्या. येशू शिष्यांचे पाय धुतो, नवी आज्ञा देतो आणि माझ्यावर प्रीती असेल तर माझ्या आज्ञा पाळाल असे म्हणतो, ते सर्व त्याच एका रात्रीचे बोलणे आहे. आज्ञा देणाऱ्याने आधी टॉवेल कमरेला बांधून पाय धुतले आणि मग आज्ञा दिली, हा क्रम नजरेआड होऊ देऊ नका. तो क्रम विसरला, की आज्ञापालनाचा कोरडा हिशेब होतो.

2. एक मंडळी धरा

पुण्यात पर्याय इतके आहेत, की नवखा माणूस वर्षभर पाहुण्यासारखा फिरत राहू शकतो. क्वार्टर गेटजवळचे कॅथोलिक सिटी चर्च 1792 सालचे, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचे. कॅम्पातील सेंट मेरीज चर्च 1825 सालचे आहे. गुरुवार पेठेतील पंचहौदाचे पवित्र नाम देवालय 1885 सालचे आहे आणि त्याचा घंटेचा मनोरा पेठेत दुरूनही दिसतो. याखेरीज पिंपरी-चिंचवड, वडगाव शेरी, येरवडा, हडपसर या भागांत लहानमोठ्या असंख्य मंडळ्या आहेत. यातील अनेक जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. हे चर्च 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या एकीकरणातून स्थापन झाले. आधी बाप्तिस्मा झालेला असेल तर तेथे तो पुन्हा दिला जात नाही, हे माहीत असावे.

निवड करताना तीन गोष्टी पाहा. घरापासून इतके अंतर असावे, की पावसाळ्यातही जाता येईल. ज्या भाषेत तुम्ही रडता आणि भांडता त्या भाषेत उपासना असावी. कॅम्पातील काही ठिकाणी मुख्य उपासना इंग्रजीत असते, म्हणून मराठी उपासनेची वेळ आधी विचारून घ्यावी. आणि मंडळीचा जमाखर्च वर्षातून एकदा तरी सभासदांसमोर मांडला जात असावा. गायनवृंद किती गोड गातो आणि पाळक किती प्रभावी बोलतात, हे मी मुद्दाम यादीत घेतलेले नाही.

निवडल्यावर निदान एक वर्ष तेथेच राहा. प्रेमाची आज्ञा अनोळखी गर्दीत पाळता येत नाही. ज्या माणसाचा स्वभाव आपल्याला खुपतो त्याच्या शेजारी पुढल्या रविवारी पुन्हा बसावे लागते, तेव्हाच ती सुरू होते. उपासना संपल्याबरोबर हेल्मेट उचलून निघू नका. बाहेर थांबा, वडीलधाऱ्यांना 'सलाम' करा, नाव सांगा. बहुतेक ठिकाणी आठवड्यात एखाद्या घरी प्रार्थनासभा असते. तिचे आमंत्रण मिळाले की जा. रविवारी बाकावर बसून जे कळत नाही ते तेथे सतरंजीवर बसल्यावर कळते.

3. एका वेळी एकच आज्ञा घ्या

वही येथे लागते. डोंगरावरील प्रवचन, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानाचे अध्याय 5 ते 7, वाचताना जी आज्ञा टोचते ती वहीत लिहा आणि आठवडाभर तेवढीच पाळा. तिच्यापुढे कोणाच्या बाबतीत, कोणत्या दिवशी, काय करायचे ते लिहा. 'क्षमाशील व्हावे' असे लिहिले तर काही घडत नाही. 'शनिवारी धाकट्या भावाला फोन करायचा आणि पैशांचा विषय मी काढायचा नाही' असे लिहिले, की शनिवारी रात्री ते झाले की नाही हे वही सांगते.

मन होईल तेव्हा करू, ही सर्वांत मोठी अडचण आहे. बऱ्याच आज्ञा मन नसताना पाळाव्या लागतात आणि मन मागाहून येते. काही वेळा येतही नाही. त्यात ढोंग आहे असे तरुणांना वाटते. मला तसे वाटत नाही. रात्री तीनला रडणाऱ्या बाळासाठी उठणाऱ्या आईला त्या क्षणी प्रेमाचा उमाळा आलेला नसतो, तरी ते प्रेम नाही असे कोणी म्हणत नाही.

उलट बाजूचा धोकाही सांगतो. काही जण वहीलाच तारण समजू लागतात, चुकलेल्या आठवड्यांची बेरीज करतात आणि प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या) रविवारी घरी बसतात. आज्ञा पाळल्यामुळे देव आपला स्वीकार करतो असे ख्रिस्ती विश्वास सांगत नाही. त्याने कृपेने स्वीकारले म्हणून आपण पाळतो. इफिसकरांस पत्रातील दुसऱ्या अध्यायाच्या 8 ते 10 या ओव्या हा क्रम स्पष्ट करतात. वही जड वाटू लागली, तर महिनाभर ती बंद ठेवा आणि पाळकांशी बोला.

4. सत्य: तोंडी आणि कागदोपत्री

सत्य म्हटले, की लोकांच्या मनात धर्मसिद्धांतांचा वाद येतो. सिद्धांत महत्त्वाचे आहेतच, पण शहरात नव्याने आलेल्याची परीक्षा आधी कागदांवर होते. कार्यालयात घरभाडे भत्त्यासाठी कोऱ्या पावत्यांवर काकांची सही घेऊन जोडणे, न झालेल्या टॅक्सीप्रवासाचे बिल लावणे, आधीच्या नोकरीचा अनुभव सहा महिन्यांनी वाढवून लिहिणे, या गोष्टी इतक्या सरसकट चालतात, की न करणारा वेडा ठरतो. मत्तय 5:37 मध्ये तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असावे असे म्हटले आहे. ते पावतीलाही लागू आहे. आपण तशी पावती जोडू नये. शेजारच्या टेबलावरच्याने जोडली तर त्याला प्रवचन मात्र देऊ नये. त्याने कारण विचारले तर एका वाक्यात सांगावे.

घर भाड्याने घेताना मालक धर्म विचारतात. काही जण आडनावावरून ओळखू येत नाही म्हणून गप्प राहण्याचा सल्ला देतात. न विचारलेले सांगायला कोणी बांधलेला नाही, परंतु विचारले असता खोटे सांगू नये. खोट्यावर घेतलेल्या घरात दाराशी आलेल्या पाळकांनाही चोरट्यासारखे आत घ्यावे लागते.

आता सर्वांत अवघड कागद. अनुसूचित जातीतील ज्या व्यक्तीला बाप्तिस्मा घ्यायचा आहे तिने कायदा आधी समजून घ्यावा. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, 1950 नुसार हिंदू, शीख किंवा बौद्ध धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची सदस्य मानली जात नाही; शीखांचा समावेश 1956 मध्ये आणि बौद्धांचा 1990 मध्ये झाला. अनुसूचित जमातींच्या बाबतीत अशी धर्माची अट नाही. याचा परिणाम शिष्यवृत्ती, प्रवेश, नोकरी आणि निवडणूक यांवर होतो. अनेक घरांत याच कारणाने रविवारी एक नाव आणि तहसील कार्यालयात दुसरे नाव असे दुहेरी जगणे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे.

यावर माझे मत असे आहे. कागदावर खोटे ठेवा असा सल्ला कोणत्याही पाळकाने देऊ नये, आणि ज्याची फी भरण्याची ऐपत नाही अशा विद्यार्थ्याला मंडळीने केवळ 'सत्यात चाल' असे सांगून मोकळेही होऊ नये. ज्याला सत्यापायी शिष्यवृत्ती सोडावी लागते त्याच्या फीचा भार मंडळीने उचलणे, हे त्या सत्याला जोडलेले प्रेम आहे. ते न करता केलेला उपदेश दुसऱ्याच्या खर्चाने केलेला असतो. निर्णय घाईने घेऊ नका. बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्यापूर्वी जाणकार वकिलाचा सल्ला घ्या, आणि ज्यांनी तुमच्याहून वेगळा निर्णय घेतला आहे त्यांचा न्याय करू नका.

5. प्रेम: नाव आणि पत्ता असलेल्या माणसावर

योहानाच्या पहिल्या पत्रात, 3:18 मध्ये, शब्दाने किंवा जिभेने नव्हे तर कृतीने आणि सत्याने प्रीती करावी असे सांगितले आहे. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर तीन माणसांची नावे लिहा. एक मंडळीतील, एक कामाच्या ठिकाणचे आणि एक असे, की ज्याला टाळावेसे वाटते. मानवजात, समाज, गोरगरीब असले शब्द तेथे नकोत.

मंडळीतील नाव शोधायला पुण्यात वेळ लागत नाही. मुले परदेशी आणि आई-वडील कोथरूडच्या किंवा वानवडीच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अशी घरे प्रत्येक मंडळीत आहेत. त्यांना काय हवे असते ते उपदेशातून कळत नाही, विचारल्यावर कळते. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत सोबत जाणे, रिक्षा थांबवून ठेवणे, बोटाचा ठसा यंत्रावर उमटत नाही तेव्हा हात पुसून पुन्हा ठेवायला सांगणे, एवढ्यात सकाळ जाते. त्या सकाळी धर्माविषयी एक शब्दही बोलला गेला नाही तरी चालेल.

ससून रुग्णालयात गावाकडून आलेल्या रुग्णांचे नातेवाईक आवारात दिवसचे दिवस काढतात. त्यांना जेवणाचा डबा, मोबाइल चार्ज करून देणे, कोणता विभाग कोठे आहे ते दाखवणे, याची गरज असते. जायचे असेल तर मंडळीच्या अनुभवी सभासदाबरोबर जा, भेटीची वेळ पाळा, परिचारिकांना विचारल्याशिवाय काही खायला देऊ नका. प्रार्थना करू का, असे विचारावे आणि नको म्हटले तर वाईट वाटून न घेता तेथेच थांबावे. खाटेवरच्या माणसाला उठून जाता येत नाही. त्याच्या डोक्याशी उभे राहून उपदेश करणे मला असभ्य वाटते, आणि मदतीच्या बदल्यात विश्वासाची अपेक्षा ठेवणे हे त्याहून वाईट. तो व्यवहार झाला.

प्रेमाला किती लांब जावे लागते याचे उदाहरण पुण्याजवळच आहे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने मरणाऱ्या मुलींना घेऊन आल्या आणि पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभे राहिले. त्या मुलींना त्यांनी अन्न दिले तसेच कामही शिकवले. एकदा सवड काढून केडगावला जाऊन या. दिवसाच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतता येते.

पैशांविषयी एक नियम पाळा. मंडळीतील कोणी उसने मागितले तर परत न येण्याची मनाची तयारी असेल एवढीच रक्कम द्या आणि ती दिली असे समजा. मंडळीत भिशी, साखळी योजना किंवा 'आपल्याच भावाची' गुंतवणूक कोणी आणली, तर नम्रपणे नाही म्हणा. नाही म्हटल्याने प्रेम कमी होत नाही. बुडालेल्या पैशांनी मात्र मंडळ्या फुटलेल्या आहेत.

6. गणपती, प्रसाद आणि सोसायटीची वर्गणी

पुण्यात राहणाऱ्याला हा प्रश्न दर भाद्रपदात येतो आणि ज्याचे घरचे ख्रिस्ती नाहीत त्याला तर रोज येतो. मंडळ्यांची मते येथे सारखी नाहीत, म्हणून आधी आपल्या पाळकांशी बोला. प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात 8 ते 10 या अध्यायांत जवळजवळ हाच प्रश्न हाताळला आहे. त्याचे सूत्र असे, की मूर्ती काही नाही हे ज्ञान असणे पुरेसे नाही, कारण ज्ञान फुगवते आणि प्रीती उभारणी करते. दुसऱ्याच्या घरी जेवायला बोलावले तर पुढे वाढलेले चौकशी न करता खा. पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. पूजेत सहभागी होण्याला मात्र तो स्पष्ट नकार देतो.

हे आपल्या जिन्यात असे लागू होते. आरतीला बोलावले तर, "मी ख्रिस्ती आहे, आरती म्हणणार नाही, पण मांडवाचे काम असेल ते सांगा," असे हसतमुखाने आणि आधीच सांगा. ऐन आरतीच्या वेळी दार लावून बसू नका. सोसायटीच्या रक्तदान शिबिरात, मुलांच्या स्पर्धांत, विसर्जनाच्या दिवशी पाणी वाटण्यात अवश्य जा. वर्गणीविषयी मी सामाजिक कार्यक्रमाच्या खात्यात पैसे देतो आणि तसे बोलून दाखवतो. काही विश्वासू बांधव अजिबात देत नाहीत, आणि त्यांचा विवेक त्यांना तसे सांगत असेल तर त्यांनी तसेच वागावे. प्रसाद हाती ठेवला, तर तो झटकून टाकू नका. देणाऱ्या आजीचे मन दुखावण्याचा अधिकार आपल्या सिद्धांतशुद्धतेने आपल्याला दिलेला नाही. "काकू, मी घेत नाही, राग मानू नका," एवढे पुरे असते.

अन्नावरून माणसे तुटण्याचा अनुभव या शहराला दोन्ही बाजूंनी आहे. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला आणि ते प्रकरण बराच काळ गाजले. आपण त्याची ख्रिस्ती आवृत्ती काढू नये.

आई-वडील ख्रिस्ती नसतील, तर त्यांचा मान राखण्याची आज्ञा रद्द होत नाही. नवा विश्वास घरात वाद जिंकून टिकत नसतो. भांडी घासणे, औषधे आणणे, वडिलांशी आवाज न चढवता बोलणे यांत बदल दिसला, तर ते बोलण्याहून आधी पोहोचते. घरातील देव्हाऱ्याविषयी एक अनुदार शब्द बोलू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. तरीही आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मानत. पालख्या पुण्यात मुक्कामी येतात तेव्हा वारकऱ्यांना पाणी देणारे ख्रिस्ती हात त्यांना परके वाटले नसते.

7. आज्ञा कोणाची, हे तपासा

नवखे लोक येथेच सर्वाधिक फसतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आज्ञापालन देवाचे करायचे असते. पाळक, मंडळीतील वडीलजन, भविष्यवाणी करणारा पाहुणा वक्ता यांचे म्हणणे पवित्र शास्त्राशी ताडून पाहण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे. प्रेषितांची कृत्ये 17:11 मध्ये बिरुयाच्या लोकांनी पौलाचे बोलणेसुद्धा शास्त्रात शोधून पाहिले, आणि त्याबद्दल त्यांना थोर म्हटले आहे. पंडिता रमाबाईंचा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात त्या, स्वतःला पटल्याशिवाय एखादी शिकवण केवळ अधिकाऱ्यांनी सांगितली म्हणून मान्य करण्यास ठामपणे नकार देतात. तरीही त्या आयुष्यभर ख्रिस्तनिष्ठ राहिल्या.

पुढील गोष्टी दिसल्या तर सावध व्हा:

- बरे होण्यासाठी, नोकरीसाठी किंवा लग्न जमण्यासाठी ठरावीक रक्कम मागितली जाते आणि पावती मिळत नाही.
- औषधे बंद करणे हाच विश्वासाचा पुरावा आहे असे सांगितले जाते. मधुमेह, फेफरे किंवा मानसिक आजाराची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नका.
- घरच्यांशी संबंध तोडायला सांगितले जाते.
- प्रश्न विचारणाऱ्याला बंडखोर ठरवले जाते.

घरातील मारहाण सहन करणे म्हणजे पतीच्या अधीन राहण्याची आज्ञा पाळणे, असे कोणी सांगितले तर ते ऐकू नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 ख्रिस्ती घरालाही लागू आहे. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत. लहान मुलांच्या बाबतीत 1098 वर कळवता येते. मुलाचे लैंगिक शोषण झाल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे 2012 च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने बंधनकारक आहे. मंडळीची बदनामी होईल म्हणून प्रकरण 'आपसात' मिटवणे हे सत्यालाही सोडून आहे आणि त्या मुलावरच्या प्रेमालाही.

योहानाच्या दुसऱ्या पत्रातील दहाव्या ओवीचा, म्हणजे चुकीची शिकवण घेऊन येणाऱ्याला घरात घेऊ नका या वाक्याचा, गैरवापरही पुष्कळ होतो. ते वाक्य ख्रिस्त देहाने आला हे नाकारणाऱ्या फिरत्या शिक्षकांविषयी आहे. शेजारच्या मंडळीतील कॅथोलिक मावशी किंवा वेगळ्या पद्धतीने उपासना करणारा सहकारी यांच्याविषयी ते नाही. त्यांना चहाला जरूर बोलवा.

8. भांडण झाले, तर

मंडळीत भांडण होतेच. पंचमंडळाची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीची, निवडणूक आली, की हमखास होते. मत्तय 18:15-17 मधील क्रम सोडू नका: आधी त्या व्यक्तीला एकट्याने भेटा, नंतर एक-दोघांना सोबत घ्या, आणि त्यानेही जमले नाही तरच मंडळीसमोर न्या. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर लिहिले जाते, मग गट पडतात आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला सर्वांत शेवटी कळते. योहानानेही दुसऱ्या पत्राच्या अखेरीस पुष्कळ लिहायचे असूनही कागद आणि शाई वापरण्याची इच्छा नाही, समोर येऊन बोलेन, असे म्हटले आहे. राग आला असताना मोबाइल खाली ठेवा आणि भेटीची वेळ मागा. भेटल्यावर घडलेली घटना सांगा, हेतूचा आरोप करू नका, आणि तुमची चूक असेल तेवढी 'पण' न लावता मान्य करा.

प्रभुभोजनाचा रविवार जवळ असेल, तर त्याआधी भेटणे उत्तम. मत्तय 5:23-24 मध्ये वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे.

9. घर बदलताना

पुण्यात भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि नवखा माणूस वरचेवर घर बदलतो. कॅम्पातून वाकडला गेलात आणि अंतरामुळे मंडळी बदलावी लागली, तर न सांगता गळून जाऊ नका. पाळकांना भेटा, सभासदत्वाच्या पत्रासाठी लेखी अर्ज द्या, मंडळीची वर्गणी थकली असल्यास भरा आणि पावती घ्या. नव्या मंडळीत पत्र दिल्यावर सभासदांच्या नोंदवहीत नाव चढले की नाही ते पुढल्या महिन्यात चिटणिसांना विचारा. वार्षिक सभेत मत देताना, लग्न ठरल्यावर आणि मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तीच नोंद पाहिली जाते.